ऑर्वल डीट्झचं शेवटचं पान

लोरेन शहरात मेलेल्या माणसावर माझ्याइतकं चांगलं बोलणारा दुसरा कोणी नाही. ही फुशारकी नाही. अकरा अंत्यविधी, दोन स्मृतिसभा आणि एकदा, हॉलचा नंबर चुकल्यामुळे, एक लग्न. लग्नातही लोक रडले. नवऱ्यामुलाने तर माझा पत्ता लिहून घेतला.

माझं नाव गस बोडनार. पोलाद कारखान्याच्या बॉयलरवर एकतीस वर्षं काढली. शाळा नववीत सुटली आणि लिहायला मला कोणी शिकवलं नाही, म्हणूनच लिहिता येतं. शिकलेली माणसं मयताबद्दल बोलायच्या आधी हवामानाबद्दल बोलतात. मी पहिल्या वाक्यातच मयताला पेटीत ठेवतो. तेव्हा ऑर्वल डीट्झ मेला आणि नवव्या दिवशी त्याची बायको अडेल माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसली, तेव्हा तिने तोंड उघडायच्या आधीच मी म्हणालो, "सोड माझ्यावर. बेसबॉल क्लबने किती मिनिटं दिलीत?"

"दोन."

"दोन मिनिटांत मी कारखान्याचा मालकसुद्धा भला माणूस होता असं पटवून देईन."

"तुला बोलायचं नाहीये गस. वाचायचंय." तिने पर्समधून एक लांबट पाकीट काढून टेबलावर ठेवलं. चिकटवलेलं. वर ऑर्वलच्या निळ्या पेन्सिलीत लिहिलेलं होतं: सातव्या डावाच्या मध्यंतरात गसने वाचावं. आधी उघडू नये. आधी वाचलं तर त्याच्या थोबाडावर दिसेल.

"यात काय आहे?"

"मलाही माहीत नाही. हॉस्पिटलात लिहिलं. मी खोलीत आले की कागद उशीखाली सारायचा." अडेल हाताने टेबलावरचे पावाचे कण गोळा करत होती. कण संपले तरी करत होती. "मला भाषण नकोय. फुलं नकोत. चार हजार माणसं त्याच्या लिहिण्याला एकदा हसलेली ऐकायचीत. एकदाच. मग मी त्याचे कपडे देऊन टाकीन."

"हसतील," मी म्हणालो. "शब्द देतो."

शब्द देताना माणूस किती मोकळा असतो बघा.

ऑर्वलबद्दल सांगतो आणि खोटं सांगत नाही, कारण मेलेल्याबद्दल खोटं बोलण्याइतका आळशीपणा दुसरा नाही. तो किरकिरा होता. पत्त्यांत फसवायचा आणि पकडलं की तुम्हालाच म्हणायचा, मित्राचे पत्ते बघतोस, लाज नाही वाटत? त्याने एकवीस वर्षं कॅलिफोर्नियात टीव्हीसाठी विनोद लिहिले. पडद्यावर तोंड दुसऱ्याचं, दात दुसऱ्याचे, टाळ्याही दुसऱ्याच्या, वाक्यं याची. मग एके दिवशी मिशी नीट न फुटलेल्या एका साहेबाने त्याला बोलावून सांगितलं की तुमचे विनोद आता म्हातारे झाले. ऑर्वल तेव्हा चोपन्न वर्षांचा होता. त्या साहेबाचं नाव मला माहीत असतं तर मी इथं छापलं असतं, पण ऑर्वलने ते कधी सांगितलं नाही. म्हणायचा, नाव घेतलं की पात्र होतं, आणि त्याला मी माझ्या कुठल्याच गोष्टीत काम देणार नाही.

तो लोरेनला परत आला आणि बुडत्या बोटीतून उतरलेला माणूस जे करतो तेच त्याने केलं. आधीच बुडालेली बोट शोधून तीत जाऊन बसला. त्या बोटीचं नाव लोरेन स्टोकर्स.

स्टोकर्स हा आमचा बेसबॉल क्लब. मोठ्या संघांच्या चार पायऱ्या खाली. आमच्याकडे एखादं पोर धड खेळायला लागलं की वरचे लोक त्याला उचलून नेतात, आणि वरून ज्याचा खांदा निखळलाय, कोपर शिवलंय, नजर गेलीय, तो माल आमच्याकडे येतो. ऑर्वलने सतरा वर्षं प्रत्येक सामना पाहिला आणि दोन डावांच्या मधे लाउडस्पीकरवरून सांगायचे विनोद फुकट लिहून दिले. निवेदक हेक्टर कोलोन ते वाचायचा. पार्किंगमध्ये एका गाडीचे दिवे चालू राहिलेत, तिची बॅटरी आणि आमची बॅटिंग एकदमच संपेल, असले. कुणी हसायचं, कुणी बियरच्या रांगेत असायचं.

तो म्हणायचा, बाकीची दुःखं न सांगता येतात. बेसबॉलचं दुःख एप्रिलमध्ये छापील वेळापत्रकासकट येतं आणि फ्रिजला चिकटवता येतं. आम्ही चिकटवायचो. आठवड्याला सहा दुःखं, सोमवारी सुट्टी.

"हा फक्त खेळ आहे" असं म्हणणारी माणसं मला भेटतात. त्यांना मी विचारतो, बरं, मग तुमच्याकडे काय आहे? तुमची नोकरी फक्त नोकरी नाही का? तुमची बायको तुमच्याकडे बघते ते फक्त बघणंच ना? सतरा वर्षं दोन म्हातारे एका बाकावर बसून एकाच गोष्टीची वाट बघतात आणि ती येत नाही, ह्याला खेळ म्हणत असाल तर म्हणा. माझ्या शेजारी बसून म्हणू नका.

आता ती गोष्ट कुठली, ते सांगायला हवं. समोरच्या संघाला नऊच्या नऊ डावांत एकही धड फटका मारू न देणं, याला नो-हिटर म्हणतात. बहुतेक पिचर, म्हणजे चेंडू टाकणारे, हे न जमताच म्हातारे होतात. स्टोकर्सच्या बासष्ट वर्षांत एकदाही झालेलं नाही. आणि नियम असा की ते घडत असताना त्याचं नाव काढायचं नाही. समोर फलकावर फटक्यांच्या रकान्यात शून्य असतं, प्रत्येकाला दिसत असतं, पण त्याकडे बोट दाखवायचं नाही. पिचरशी कोणी बोलत नाही. तो बाकाच्या टोकाला खरूज झाल्यासारखा एकटा बसतो. जो जिथं बसलाय तिथंच बसतो. नाव काढलं की मोडलं. हा नियम कुठल्याही पुस्तकात छापलेला नाही, म्हणून तो सगळे पाळतात.

ऑर्वलला या नियमाचा तिटकारा होता. "एका शब्दाने चेंडूची वाट बदलत असती," तो म्हणायचा, "तर मी टीव्हीवर काय केलं असतं विचार कर." मी म्हणायचो, गप्प बैस. तो म्हणायचा, अरे दुसऱ्याच डावात मार पडलाय, आता तरी बोलू दे. मी तेव्हाही बोलू देत नसे.

ऑगस्टमधला रविवार, दुपारचा दीडचा सामना. ऊन असं की लोखंडी कठड्यावर अंडं तळलं असतं. अडेलने चर्चला जाताना घालते तो निळा झगा घातला होता. आमच्या मागच्या रांगेत नेहमीप्रमाणे कोव्हाचबाई, वय चौऱ्याऐंशी, मांडीवर धावफलकाची वही, कानामागे पेन्सिल. ही बाई मैदानावरच्या पंचापेक्षा कडक. हिने एकदा मैदानात चेंडू सोडलेल्या स्वतःच्या सख्ख्या नातवाच्या नावावर वहीत चूक लिहिली होती आणि तो ख्रिसमसला घरी आला तेव्हा दाखवली होती.

स्टोकर्सकडून पिचर अमोस प्रुइट. पस्तीस वर्षांचा, कोपरावर दोन शस्त्रक्रिया, जूनमध्ये आमच्याकडे टाकलेला. त्याची चाल अशी की त्याला कुणीतरी घरातून सामान आणायला पाठवलंय आणि काय आणायचं तेच विसरलाय.

पहिल्या तीन डावांत त्याने कुणालाच मारू दिलं नाही. मी त्याकडे लक्ष दिलं नाही; मी पाकिटाकडे बघत होतो. चौथ्या डावानंतर माझ्या लक्षात आलं की आजूबाजूला आवाज कमी झालाय. शेंगदाणे फोडणारा एक इसम शेंग दाताखाली धरून तसाच बसला होता. पाचव्या डावाच्या शेवटी मी मान वर करून फलकाकडे बघितलं आणि ताबडतोब खाली घातली, जणू शेजारणीच्या न्हाणीघरात डोकावलो.

शून्य.

स्टोकर्स एका धावेने पुढे, आणि शून्य.

"गस," अडेल हळूच म्हणाली, "तुला काही दिसतंय का?"

"मला काही दिसत नाही. तुलाही दिसत नाही."

अडचण एकच होती. सहावा डाव संपला की मला उठून वर निवेदकाच्या खोलीत जायचं होतं. शिवाय पाचव्या डावापासून मला लघवीला लागली होती. मी पाय सोडून जरा पुढं सरकलो, तोच खांद्यावर पेन्सिलीचं टोक टोचलं.

"कुठं?" कोव्हाचबाई.

"वर. ऑर्वलचं वाचायला जायचंय."

"दुसऱ्या डावापासून तू उजवा पाय डाव्यावर टाकून बसलायस. सोडलास कसा?"

"मुंग्या आल्यात बाई."

"पाय परत टाक."

टाकला. बारा नंबरच्या विभागातली साठ माणसं माझ्या पायाकडे बघत होती. पुढच्या रांगेतला टॅक्सीवाला मागे न वळता म्हणाला, "काका, तुम्ही हललात तर मी तुम्हाला ओळखत नाही."

"मी दिलेला शब्द आहे," मी म्हणालो. "मेलेल्या माणसाला."

"मेलेला थांबू शकतो," कोव्हाचबाई म्हणाल्या. "तो आज कुठं जाणार आहे?"

अडेल बाजूलाच बसली होती. तिने फक्त पर्स उघडली, रुमाल काढला, परत आत ठेवला, पर्स मिटली. त्या पर्सच्या आवाजाने मात्र कोव्हाचबाईंना वहीत बघावंसं वाटलं. "जागा रिकामी दिसता कामा नये," त्या शेवटी म्हणाल्या. "एवढं झालं तर जा."

मग साठ माणसांनी मिळून माझ्या जागेवर मला तयार केलं. माझा कोट पाठीला टेकवला. कोटाच्या आत दोन उशा, त्या वर्गणीने जमल्या. डोक्याच्या जागी सरबताचा मोठा कागदी पेला पालथा, त्यावर माझी टोपी. टॅक्सीवाल्याने गुंडाळलेल्या वर्तमानपत्रांचे दोन पाय केले आणि कोव्हाचबाईंनी वाकून, उजवा डाव्यावर, आपल्या हाताने टाकला. "हा तुझ्यापेक्षा सरळ बसतो," त्या म्हणाल्या. अडेल त्या कोटाशेजारी बसून राहिली. कुणी लांबून बघितलं असतं तर म्हातारीने दुसरं लग्न केलं म्हणाला असता.

संडासाकडे गेलो तर दारात एक माणूस हात पसरून उभा. आत तिसऱ्या डावापासून एक जण अडकलाय, तो बाहेर आला नाही तोवर गाडी नीट चाललीय, तेव्हा कोणी आत जायचं नाही, कोणी बाहेर यायचं नाही. आतून बारीक आवाज आला, "कितवा डाव?" दारातला म्हणाला, "चालू आहे. तू बस." मी तसाच जिना चढलो.

हेक्टर कोलोनने दार उघडलं तेव्हा त्याचा चेहरा चुन्यासारखा होता. ही खोली बॅटवाला उभा राहतो त्या होमप्लेटच्या बरोबर मागे, उंचावर. समोर अख्खं मैदान आणि पलीकडे फलक. हेक्टरने स्वतःची खुर्ची अशी फिरवली होती की फलक दिसू नये.

"वाच आणि जा," तो कुजबुजला. "पण त्याबद्दल काही नाही."

"कशाबद्दल?"

"ज्याबद्दल नाही त्याबद्दल."

"अरे, ऑर्वलने जुलैत लिहिलंय. त्याला आजचं काय माहीत?"

"आधी मला दाखव."

"आधी उघडायचं नाही. वर लिहिलंय बघ."

"गस, बाबा, माझ्या आजीची शपथ घे की यात बेसबॉल नाही."

"ऑर्वल कायम स्वतःबद्दलच लिहितो," मी म्हणालो, आणि हेक्टरच्या मेलेल्या आजीची शपथ घेतली. ती बाई पोन्से गावाहून पंचावन्न सालात कारखान्यात कामाला आलेली. तिचा आत्मा मला माफ करो.

सातव्या डावाचा पहिला अर्धा प्रुइटने नऊ चेंडूंत संपवला. शून्य तसंच. चार हजार माणसं पाय मोकळे करायला उभी राहिली. एरवी या मध्यंतरात गाणं म्हणतात, आज कोणी ओठ हलवले नाहीत. हेक्टरने मायक्रोफोनमध्ये ऑर्वलचं नाव घेतलं तेही घाबरत. मी पाकीट फाडलं. एकच पान होतं, गच्च भरलेलं. मी घसा न खाकरता सुरू केलं.

"नमस्कार. मी ऑर्वल डीट्झ. आज येऊ शकलो नाही, माफ करा. मी मेलोय. स्टोकर्सच्या लोकांना हे समजायला जड जाऊ नये. त्यांच्यातले नऊ जण रोज येतात आणि तरी नसतात."

मी हसण्यासाठी जागा सोडली. काही आलं नाही. हसायला श्वास सोडावा लागतो, आणि तिथं कुणीही श्वास सोडायला तयार नव्हतं.

"डॉक्टरांनी मला विचारलं, छातीत नेमकं कधी दुखतं? मी म्हणालो, संध्याकाळी सात ते दहा, आणि रविवारी दुपारी. म्हणाले, जिना चढताना? मी म्हणालो, नाही, जिना चढताना बरं वाटतं, तिथून मैदान दिसत नाही." मग ऑर्वलने सतरा वर्षांतले सहा प्रशिक्षक घेतले होते, एकेक करून, प्रत्येकाचा पोशाख आणि प्रत्येकाची सबब. मी मन लावून वाचत होतो. प्रत्येक सबबीनंतर थांबत होतो. खाली चार हजार माणसं अशी उभी होती जशी पोलिसांनी भिंतीकडे तोंड करून उभी केलीत.

लोक हसत नाहीत म्हटल्यावर मी जोर वाढवला. बोलणारा माणूस तेच करतो आणि तिथंच मरतो. मी पुढचा परिच्छेद घेतला आणि अंत्यविधीत शेवटच्या रांगेसाठी राखून ठेवतो तो आवाज लावला.

"आता एक काम करा. समोरच्या फलकाकडे बघा. पाहुण्यांच्या नावापुढे फटक्यांचा रकाना आहे. तिथं शून्य आहे का?"

वाचून झालं. मग कळलं.

चार हजार डोकी, जी दोन तास त्या बाजूला वळायचं टाळत होती, एकदम वळली. प्रुइट बाकाच्या टोकाला डोक्यावर टॉवेल घेऊन बसला होता. त्याने टॉवेल वर केला आणि तोही बघायला लागला. हेक्टर टेबलाखाली गेला. मी म्हणजे तो नव्हेच अशा रीतीने माझं तोंड पुढे वाचत राहिलं, कारण बॉयलरवर एक शिकलो होतो, वाफ सोडायला लागलं की मधे झडप बंद करायची नाही.

"नाहीये. मला इथून दिसत नाही, तरी माहीत आहे. सातव्या डावापर्यंत ते शून्य टिकलेलं मी सतरा वर्षांत पाहिलं नाही. म्हणजे आज धोका काही नाही. तेव्हा सगळ्यांनी उभे राहा, आणि —"

आणि इथं माझे डोळे माझ्या तोंडाच्या पुढे धावले. पुढचं वाक्य मला दिसलं. जो शब्द उच्चारायला तुम्ही जन्मभर घाबरलात, तो माझ्याबरोबर तीनदा ओरडा. त्याच्याखाली, मोठ्या अक्षरांत, तो शब्द. तीनदा.

सगळं पान या तीन ओळींसाठी लिहिलं होतं. डॉक्टर, प्रशिक्षक, सगळं त्याची पायरी. मी खाली बघितलं. बारा नंबरमध्ये निळा झगा दिसत होता. अडेल एकटीच फलकाकडे बघत नव्हती. ती वर माझ्याकडे बघत होती, हात छातीशी, आता येईल म्हणून.

मी म्हणालो, "आणि... देव तुमचं भलं करो. धन्यवाद."

ऑर्वलने जन्मात कुणाचं भलं देवावर सोपवलं नव्हतं.

स्टोकर्सच्या बाजूने सातवा डाव झाला, त्यात काय झालं मला माहीत नाही, कुणालाच माहीत नाही. हेक्टरने दाराला खुर्ची लावली. "आता इथंच राहा. जिथं आहेस तिथं. कदाचित मोजलं गेलं नसेल."

आठव्या डावाचा पहिला चेंडू. बॅट मोडली. अर्धी बॅट तिसऱ्या बेसकडे उडाली आणि चेंडू दारूड्यासारखा गवतातून रांगत निघाला. आमचे तिघे त्याच्याकडे धावले आणि तिघेही, तुम्ही घ्या, तुम्ही घ्या, करत थांबले. चेंडू पांढऱ्या रेषेच्या आत वीतभर अंतरावर बसला. फलकावर शून्य गेलं, एक आला.

त्यापेक्षा वाईट फटका मी आयुष्यात पाहिला नाही. बासष्ट वर्षं थांबून असला मिळाला.

मग एक वॉक, म्हणजे चेंडू वाकडे पडले म्हणून बॅटवाला फुकट पुढं. मग एक चेंडू कुंपणावरून पार तळ्याच्या दिशेने. तीन विरुद्ध एक. हरलो. पण ते नंतर. त्या पहिल्या फटक्यानंतर कुणी शिवी दिली नाही, काही फेकलं नाही. चार हजार माणसं नुसती मागे वळली आणि मान वर करून निवेदकाच्या खिडकीकडे बघत राहिली. शिव्या मला चालल्या असत्या. शिव्यांना उत्तर देता येतं.

बारा नंबरमध्ये परतलो तेव्हा तिथं वेगळाच वाद चालला होता. "कोट घसरला होता," टॅक्सीवाला म्हणत होता. "याने वाचायच्या आधीच पाय सुटला होता."

"पाय मी स्वतः टाकला होता," कोव्हाचबाई म्हणाल्या. त्यांनी वहीत तो फटका लिहिला होता, आणि पेन्सिल इतकी दाबून की खालची चार पानं फाटली होती. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बावीस वर्षं तू माझ्या पुढं बसण्याचा त्रास सोसला मी. आजचा वेगळा." एवढंच. मग कानामागे पेन्सिल ठेवली.

पार्किंगमध्ये अडेलने हात पुढे केला. मी पान दिलं. तिने गाडीच्या टपावर ठेवून, चष्मा लावून, वाचलं. मी वाट बघत होतो की रडेल, नाहीतर मला मारेल.

"प्रशिक्षकांचा परिच्छेद लांबलाय," ती म्हणाली. "तिघांत भागलं असतं."

"अडेल, मी —"

"तू घाबरलास."

"हो."

"सगळ्यांसमोर घाबरलास. तो हॉस्पिटलात एकटा घाबरायचा, मला दिसू नये म्हणून हे लिहायचा." तिने पान घडी न करता धरून ठेवलं. "वाचलं असतंस तर तुला जिन्यावरून खाली टाकलं असतं. पण हसले असते. टाकता टाकता हसले असते."

मयतांवर बोलणारा मी, आणि त्यांच्या बायकांशी काय बोलायचं ते मला अजून येत नाही.

तेवढ्यात खेळाडूंच्या दारातून अमोस प्रुइट आला. उजव्या कोपरावर बर्फाची पिशवी बांधलेली, डाव्या खांद्यावर बॅग. मला बघून थांबला. मी गाडीच्या मागं सरकायला सुरुवात केली.

"वर बोलत होतात ते तुम्हीच का?"

"मीच," मी म्हणालो. "मार. माझी ना नाही. डावा गाल चांगला आहे."

"मारू कशाने?" त्याने कोपर दाखवलं. "सहाव्या डावापासून बोटं बधिर. चेंडू हातात आहे की नाही ते बघून कळत होतं. पुढच्या चेंडूला जाणारच होतं ते, किंवा त्याच्या पुढच्या." त्याने बॅग खाली ठेवली. "सात डाव माझ्याशी कोणी बोललं नाही साहेब. पाणी देणारा पाणी ठेवून पळायचा. चार हजार माणसं आणि एकाचा आवाज नाही. तुमचा आवाज आला तेव्हा बरं वाटलं. टॉवेलमधून अर्धंच ऐकू आलं. मग उभे राहा म्हणालात आणि थांबलात. पुढं काय होतं?"

मी अडेलकडे बघितलं. तिने पान माझ्या हातात दिलं.

मी वाचलं. पार्किंगमध्ये, गाड्यांचे हॉर्न चालू असताना, पहिल्यापासून, प्रशिक्षक धरून. फलकापाशी आलो तेव्हा प्रुइटचे ओठ हलायला लागले. तीन ओळींपाशी आलो आणि तो शब्द तीनदा वाचला, आणि शेवटची ओळ वाचली, जी मला वर दिसलीच नव्हती: काही झालं तर माझं नाव सांगा, मला आता काय करणार आहेत.

प्रुइट हसला. आधी नाकातून, मग पोटातून, मग गाडीच्या बॉनेटवर डावा हात टेकवून, बर्फाची पिशवी सुटून खाली पडली तरी. हसता हसता त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते कशाचं हे विचारण्याची माझी हिंमत झाली नाही.

"बापरे," तो म्हणाला. "आणि तो 'मी मेलोय' वाला भाग. काय सुचलंय. कोण हा माणूस?"

"माझा नवरा," अडेल म्हणाली.

"आज आलेत का?"

"नाही. आज नाही जमलं."

"सांगा त्यांना मॅडम. म्हणावं, प्रुइट म्हणाला, फार चांगलं लिहिता. म्हणावं, थांबू नका."

"सांगते," अडेल म्हणाली.

तो बॅग उचलून बसकडे गेला. अडेल गाडीत बसली, मी बाजूला बसलो. तिने किल्ली लावली, पण फिरवली नाही.

"तो विचारील," ती म्हणाली. "किती जण हसले म्हणून."

"एक."

"एक," ती म्हणाली. "ठीक आहे. सांगता येईल."

"आणि मी?"

"तू?" तिने पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. "तू त्याच्या कुठल्या विनोदाला कधी हसलास गस? सतरा वर्षांत?"

एकदाही नाही. कारण ऑर्वलचे विनोद मी हसण्यासाठी ऐकलेच नव्हते. घरी जाऊन वहीत माझ्या नावाने उतरवून ठेवण्यासाठी ऐकले होते. तेव्हा वरच्या मजकुरात तुम्ही कुठं हसला असाल, तर ते वाक्य बहुधा त्याचं आहे. जिथं हसू आलं नाही, ती वाक्यं माझी.